रोज काय घालायचं? सुरुवात वाळणाच्या दोरीपासून करा

"घालायला काही नाही" असं म्हणणाऱ्या माणसाचं कपाट सहसा गच्च भरलेलं असतं. दार लावताना ढकलावं लागतं, तरी सकाळी कॉलेजला, बँकेत किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत निघताना हात फिरून फिरून त्याच चार कपड्यांवर पडतो. कारण उघड आहे. कपाटातले निम्मे कपडे आपण आपल्या आवडीने घेतलेलेच नसतात. काही आहेरात आलेले, काही सेलमध्ये स्वस्त पडले म्हणून उचललेले, काही जावेच्या अंगावर छान दिसले म्हणून घेतलेले. दुकानातल्या आरशासमोर आपली आवड नीट कळत नाही. ती कळते वाळणाच्या दोरीवर. जे कपडे दर आठवड्याला धुवायला पडतात, तेच तुम्हाला खरे आवडतात. बाकीचे तुम्ही फक्त सांभाळताय.

म्हणून नवीन काही घेण्याआधी, आणि काही टाकून देण्याआधीही, खालच्या क्रमाने जा. मी सांगलीत राहते, त्यामुळे उदाहरणं इथल्या हवेची आणि इथल्या बाजाराची आहेत. रीत मात्र कुठेही चालेल.

आधी दोन आठवडे फक्त नोंद

भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ पेन बांधून ठेवा. रोज संध्याकाळी घरी आलात की त्या तारखेच्या चौकटीत दोनच गोष्टी लिहा: आज काय घातलं होतं, आणि दिवसभर अंगाला कसं वाटलं. एक-दोन शब्द पुरेत. "गळा टोचला", "पाठ भिजली", "मस्त", "सारखी ओढणी सावरली", "कंबर काचली". नोंद सकाळी करू नका. सकाळी आपण दिसण्यावर भाळलेले असतो, आणि दहा तास अंगावर वागवल्यावर कपडा कसा आहे ते संध्याकाळीच सांगता येतं.

रविवारी दोरीवर काय काय आहे तेही बघा. घरातल्या प्रत्येकाचं बघा. मुलगा एकच टी-शर्ट दोन दिवसांआड घालत असेल तर त्याला रागावण्याऐवजी तो टी-शर्ट हातात घेऊन बघा. कापड मऊ आहे का, गळ्याची पट्टी सैल आहे का, मानेशी लेबल नाहीये का? यात त्याची आवड सापडते, आणि पुढची खरेदी सोपी होते.

मग कपाट उपसा, पण कारण विचारत

दोन आठवड्यांनी, उघडीप असलेला दिवस बघून सगळे कपडे पलंगावर काढा. अलीकडच्या वर्षभरात घातलेले एकीकडे, न घातलेले दुसरीकडे. घातलेल्यांचा ढीग लगेच परत लावून टाका, तिथे काही काम नाही. काम आहे ते न घातलेल्यांच्या ढिगात. त्यातला प्रत्येक कपडा अंगावर चढवायचा आणि "का नाही घातला?" याचं उत्तर शोधायचं. "आवडत नाही" हे उत्तर चालणार नाही. काय आवडत नाही, तिथपर्यंत जायचं.

माझी एक मामेबहीण मिरजेत नर्स आहे. "मला गडद रंग शोभत नाहीत" असं ती वर्षानुवर्षं म्हणायची, आणि तिच्या न घातलेल्या ढिगात खरंच जांभळा, बाटली हिरवा, गडद निळा असे चार कुर्ते निघाले. एक घालून बघ म्हटलं. घातला, आणि तिने लगेच दोन्ही खांदे मागे ओढले. हात वर कर म्हटलं, तर कुर्ता पोटापर्यंत वर आला. दुसऱ्याची तीच गत. चारही कुर्ते एकाच तयार मापाचे, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, घट्ट. दिवसभर सलाईनच्या बाटल्या वर टांगायचं काम करणाऱ्या बाईला ते नकोसे वाटणारच. रंगाचा काही संबंध नव्हता. टेलरने आतली माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, उसवून मुंढा मोकळा केला, दोन कुर्त्यांना काखेत कळी, म्हणजे कापडाचा छोटा जोडतुकडा, घातली. आता जांभळा कुर्ता तिच्या दोरीवर दर आठवड्याला असतो.

आपल्या बहुतेक "नावडी" अशाच निघतात. तपासताना ही कारणं डोळ्यांसमोर ठेवा: कापड टोचतं किंवा उकडतं, माप कुठेतरी काचतं, याच्याबरोबर घालायला जोड नाही, धुण्या-इस्त्रीचा फार व्याप आहे, घालायचा प्रसंगच येत नाही. मापाचं दुखणं शिंप्याकडे बरं होतं. जोड नसेल तर एखादा साधा लेगिंग किंवा पॅन्ट घेऊन काम भागतं. कापडच नको असेल तर मात्र तो कपडा दुसऱ्याला देऊन टाका, कारण कापड बदलत नाही.

आणखी एक कारण असतं, ते कुणी मोठ्याने सांगत नाही. कधीतरी कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं. "यात जाड दिसतेस." "या वयात हा रंग?" तेवढ्यावरून चांगला कपडा वर्षानुवर्षं तळाशी दडपला जातो. असा कपडा सापडला तर तो एका साध्या दिवशी, भाजी आणायला जाताना घाला. अंगाला बरा वाटला तर तो तुमचा. बोलणाऱ्याचं मत कपाटात ठेवायची गरज नाही.

कापड ओळखायला शिका

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. रंग, नक्षी, गळा यांच्या आधी कापड बघा. सांगलीत मार्चपासून मेपर्यंत पारा चाळिशीला टेकतो, जत-आटपाडीकडे वारा कोरडा आणि धुळीचा, शिराळ्याकडे पावसाळ्यात कपडे वाळता वाळत नाहीत. एकाच जिल्ह्यात तीन तऱ्हेच्या हवा. त्यामुळे "कॉटन चांगलं" एवढं म्हणून भागत नाही.

सुती कापड हवेतली ओल धरून ठेवतं. १०० ग्रॅम कोरड्या सुतात साधारण ७ ते ८ ग्रॅम ओल मुरते. पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नाही. म्हणून उन्हाळ्यात सुती कपडा घाम शोषून घेतो, आणि पॉलिस्टरचा शर्ट घातला तर घाम तसाच अंगावर राहून पाठीला चिकटतो. पण हाच हिशोब पावसात उलटा होतो. जाड सुती जीन्स एकदा भिजली की दिवसभर ओली राहते, मांड्यांना काचते, आणि रात्री पंख्याखाली टाकली तरी सकाळी शिवणी दमटच. तिथे टेरीकॉट, म्हणजे सूत आणि पॉलिस्टरचं मिश्रण, बरं पडतं. चटकन वाळतं, इस्त्रीही कमी लागते. वडापने, म्हणजे शेअर जीपने, किंवा एसटीने रोज ये-जा करणाऱ्यांना पावसाळ्यात टेरीकॉटची पॅन्ट आणि वर पातळ सुती शर्ट ही जोडी मी डोळे झाकून सुचवेन.

रेयॉन किंवा व्हिस्कोस दुकानात हाताला फार छान लागतं. गार असतं, अंगावरून सुळकन पडतं, घामही शोषतं. पण ओलं झालं की त्याची ताकद खूप कमी होते. ते पिळू नका, ब्रशने घासू नका, हातानेच हलकं दाबून पाणी काढा. एका मोसमात कुर्ता लांबला आणि गळा सैल झाला अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा कापड रेयॉन असतं आणि धुणं जीन्ससारखं झालेलं असतं.

लोकर आपल्याकडे दोन महिनेच लागते. तरी आटपाडी-माणदेशातल्या मेंढपाळांच्या खांद्यावरची घोंगडी बघा. पावसातही ते ती टाकत नाहीत, कारण लोकर बरीच ओल पिऊनही ऊब सोडत नाही. थंडीत पहाटे दूध घालायला किंवा चालायला जाणाऱ्यांनी जाड ॲक्रिलिकच्या एका स्वेटरऐवजी आत सुती बनियन आणि वर पातळ लोकरी स्वेटर घालावा. ऊन चढलं की वरचा काढता येतो.

लेबलवर विश्वास नसेल तर शिवणीच्या आतून दोन धागे काढून घरी जाळून बघा. चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा. सूत जळतं तेव्हा कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडणारी राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि गार झाल्यावर त्याची कडक काळी गोळी होते. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखे वास मारतात. दुकानात हे करता येत नाही, तिथे कापडाचं टोक मुठीत घट्ट धरून वीसपर्यंत आकडे मोजा आणि सोडा. चुरगळून राहिलं तर सूत किंवा लिनन जास्त, लगेच सरळ झालं तर पॉलिस्टर जास्त. नंतर तेच कापड उजेडाकडे धरा. पलीकडचा हात स्पष्ट दिसत असेल तर अस्तराचा खर्च धरूनच भाव करा.

माप: उभं राहून नव्हे, हलून बघा

ट्रायल रूममध्ये आपण पोट आत घेऊन सरळ उभे राहतो. दिवसभर मात्र असं कुणीच उभं नसतं. म्हणून तिथेच दोन्ही हात वर करा, वाकून चपलेला हात लावा, उकिडवं बसा, मोटरसायकलचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. बटणांच्या मध्ये फट पडते का, बाही मनगटाच्या वर पळते का, कंबरेत काचतं का ते बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. कंबर आणि लांबी शिंपी सहज बदलतो, खांदा बदलणं अवघड. खांदा बसत नसेल तर सोडून द्या.

शिवून घेणार असाल तर सुती कापड आधी रात्रभर पाण्यात घालून, न पिळता वाळवून मग शिंप्याकडे न्या. पहिल्या धुण्यात सूत आटतं, लांबीला आणखीच. शिंप्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: बाजूच्या शिवणीत दीड-दोन इंच माया ठेवा, मुंढा मोकळा कापा, आणि खिसा द्या. बायकांच्या कपड्यांना खिसा मागितला की काही शिंपी अजूनही हसतात. हसू दे, खिसा घ्याच. कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत मोबाईल मावेल एवढा खिसा बाहेरून कळतही नाही. मापाचा उत्तम कपडा असेल तर टेप लावण्यापेक्षा तोच नमुना म्हणून द्या, आणि त्यात काय बदल हवा तेवढंच सांगा.

रंगाबद्दल थोडंसं

रंगाचे नियम मी सांगणार नाही. जो रंग घातल्यावर तुम्ही आरशापुढून लवकर हलता, तो तुमचा. फक्त दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, कापड दारात उन्हात आणून बघा. आणि काम लक्षात घ्या. काळ्या रानात वावरणाऱ्याची पांढरी विजार चिखलाने पहिल्याच दिवशी जाते. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात उभं राहणाऱ्याचा फिका निळा शर्ट दुपारपर्यंत हिरवट होतो.

हळदीचं इथे सांगायलाच हवं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा डाग मानांकन बघत नाही. डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नका. हळदीतलं रंगद्रव्य साबणाच्या क्षाराने लाल होतं, भरपूर पाण्यात खळबळलं की परत पिवळं होतं. मग कपडा कडक उन्हात डागाची बाजू वर करून वाळवा. हे रंगद्रव्य उन्हाने फिकं पडतं, दोन-तीन उन्हांत डाग बराचसा जातो. गडद रंगाचा कपडा मात्र इतकी उन्हं खाऊन स्वतःच विटेल, त्याला हे करू नका.

रोजची निवड रात्री करा

आता मुख्य गोष्ट. सकाळी निवड करायची नाही. रात्री जेवणं झाल्यावर पाच मिनिटं काढा आणि स्वतःला या क्रमाने विचारा.

१. उद्या सगळ्यात जास्त वेळ कुठे जाणार आहे? वर्गात उभं राहून, एसीत बसून, उन्हात फिरून की स्वयंपाकघरात?

२. तिथे कशावरून जाणार? स्कूटीवर, वडापमध्ये, पायी?

३. हवा कशी असेल? आभाळ आलं असेल तर लांब घेराचं काही नको.

४. दिवसभरात असं एखादं काम आहे का जिथे कपडा आड येईल? मुलाला कडेवर घेणं, गोदामात वाकणं, फळ्यावर लिहिणं.

५. कुणाला भेटायचं आहे, आणि त्या माणसापुढे मला कसं वाटायला हवं?

शेवटचा प्रश्न मुद्दाम शेवटी आहे. पहिल्या चारांनी निम्मं कपाट गळतं, मग जे उरतं त्यातून मनाने निवडायचं. पाचव्यापासून सुरुवात केली की मुलाखतीला पोरगी सिंथेटिकची साडी नेसून भर मे महिन्यात स्कूटीवर निघते आणि पोहोचेपर्यंत घामाघूम होते. तिला सुती साडीच बरी. इस्त्री चांगली कडक असली, निऱ्या पिनेने पक्क्या असल्या की ती कुठेही शोभते. गाडीवर बसताना पदर आणि ओढणी दोन्ही कंबरेला खोचा, आणि गाडीचा साडी गार्ड शोभेला नको म्हणून कधी काढून टाकू नका. ओढणी चाकात अडकून होणारे अपघात खरे आहेत आणि जीवघेणे आहेत.

ठरलेला जोड पूर्ण काढून एका हँगरला लावा. पूर्ण म्हणजे आतले कपडे, मोजे, रुमाल, स्कार्फ, ब्लाउजच्या हुकांसकट. सकाळचा घोळ बहुतेक वेळा मुख्य कपड्यावरून होत नाही, परकराची नाडी आत गेलेली असते किंवा बटण तुटलेलं असतं. रात्री सापडलं तर सुई-दोरा घेऊन दोन मिनिटांत लागतं.

ज्यांना हेही नको वाटतं त्यांनी रविवारी पाच जोड इस्त्री करून एका बाजूला टांगावेत आणि आठवडाभर त्यातूनच घालावं. दोरीवरच्या नोंदीतून निघालेले तुमचे लाडके पाच जोड. रोज निराळं दिसायलाच हवं असं काही नाही. तेच कपडे आलटून पालटून, स्वच्छ आणि इस्त्रीचे घालणारा माणूस नीटनेटकाच दिसतो.

पावसाळ्यात कपाटात कपडे दाबून भरू नका. जरासुद्धा दमट असेल तर घडी नको, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. उघडीप मिळाली की रेशमी साड्या सावलीत वाऱ्याला टाका, घड्या बदलून परत ठेवा, नाहीतर घडीवर त्या चिरतात. आणि कृष्णाकाठी सखल भागात राहत असाल तर जूनपासूनच घरातल्या प्रत्येकाचे दोन चटकन वाळणारे जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दाराजवळ ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या कितीतरी घरांना कोरड्या कपड्यांचं मोल कळलं.

घरातल्यांची आवड त्यांची असू द्या

लहान मुलांना सगळं कपाट उघडून "काय घालतोस?" विचारू नका, त्यांना सुचत नाही. दोन कपडे समोर धरा आणि निवडू द्या. निवडलेलं विजोड असलं तरी शाळेबाहेर चालवून घ्या. आपल्या अंगाला काय बरं वाटतं हे ओळखायची सवय तिथेच लागते.

म्हाताऱ्या माणसांचं उलट असतं, त्यांची निवड पक्की असते आणि आपण ती बदलायला जातो. आजीला नऊवारीच हवी असेल तर गाऊनचा आग्रह नको. तिची साडी फक्त हलकी घ्या, मऊ सुती, धुवायला सोपी. हात वर होत नसतील तर ब्लाउजला पुढून बटणं किंवा दाबाची बटणं लावून घ्या. आजोबांच्या सदऱ्याचंही तसंच: डोक्यातून घालायच्या सदऱ्यापेक्षा पुढून पूर्ण उघडणारा बरा, आणि पायजम्याला नाडीच्या जोडीला मागे इलॅस्टिक.

खरेदीला जाताना

इतकं केल्यावर तुमच्याकडे यादी तयार असते: कुठलं कापड, कुठला जोड कमी आहे, कुठलं माप काचतं. ती लिहून घेऊनच कापड पेठेत शिरा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा कापड उलगडून बघायलाही जागा नसते. दसऱ्याच्या आधी किंवा सकाळी दुकानं उघडतात तेव्हा जा. दुकानदाराला "काहीतरी छान दाखवा" म्हटलं की तो त्याच्याकडे पडून असलेलं छान दाखवतो. त्याऐवजी "रोज घालायला, सुती, अस्तर न लागणारं, फिका रंग नको" असं म्हणा. आणि हातात घेतलेल्या कपड्याबरोबर घालायला घरातले कमीत कमी दोन कपडे जागेवर आठवत नसतील, तर तो परत ठेवा.

न घातलेल्या ढिगातून जे द्यायचं ठरलं ते धुऊन, बटणं लावून द्या. फाटक्या पण मऊ सुती साड्या मात्र देऊ नका, त्या वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला ठेवा. वाकळेत पॉलिस्टरची साडी घालू नका, ती आतल्या आत सरकते आणि उन्हाळ्यात पाठीला भाजते.